आणायच्या गोळ्या, लांबवायच्या गोळ्या

गौरी यायला आठवडा उरला की आमच्या कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये संध्याकाळी एक वेगळीच गर्दी होते. खोकल्याचे औषध, बाळाची पावडर, कोणाच्या आजोबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या यांच्या मधूनमधून एखादी बाई काउंटरवर जरा पुढे वाकते आणि आवाज उतरवून म्हणते, "त्या पुढे ढकलायच्या द्या ना." दुकानदार काही विचारत नाही. मागच्या खणातून पट्टी काढतो, कात्रीने हवा तेवढा तुकडा कापतो, वर्तमानपत्राच्या चौकोनी कागदात गुंडाळतो आणि रबर लावतो. गेल्या वर्षी माझ्या पुढे उभ्या असलेल्या बाईंनी अशीच पुडी घेतली आणि त्यानंतर मी माझी चिठ्ठी पुढे केली. त्याने ती वाचली, वर पाहिले आणि मनात कसलीही कुचेष्टा नसताना सहज म्हणाला, "ताई, तुमची उलटी केस आहे. ही आणायची गोळी." पुडी पर्समध्ये ठेवत असलेल्या त्या बाई वळून माझ्याकडे पाहून हसल्या. त्या हसण्यात थोडी कीव होती आणि थोडा हेवाही असावा. ऐन सणात पाळी येईल ही धास्तीच जिला नाही, अशी बाई त्यांना त्या आठवड्यात भाग्यवान वाटली असेल तर त्यात त्यांचे काय चुकले?

घरी पोचेपर्यंत मला चैन पडेना, आणि त्याचे कारण लाज हे नव्हते. त्या बाईंची गोळी आणि माझी गोळी या एकाच घराण्यातल्या होत्या. त्यांची नॉरेथिस्टेरॉन, माझी मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन. दोन्ही प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाच्या वळणावर बनवलेली औषधे. गोळी चालू आहे तोवर गर्भाशयाचे आतले अस्तर टिकून राहते, आणि ती थांबवली की दोन-चार दिवसांत, फार तर आठवड्याभरात, ते सुटून रक्तस्राव होतो. त्या बाई गौरींचे विसर्जन होईपर्यंत गोळी चालू ठेवणार होत्या. मी डॉक्टरांनी सांगितले तेवढे दिवस घेऊन थांबवणार होते. (या गोळ्या चिठ्ठीशिवाय सर्रास विकल्या जातात आणि रक्तात गुठळी होण्याची प्रवृत्ती असलेल्या बाईला त्या महागात पडू शकतात, हे जाता जाता.) माझी गरज मात्र सणावाराची नव्हती. मला पीसीओएस आहे, म्हणजे पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, बोलताना लोक ज्याला पीसीओडी म्हणतात तो अंडाशयाचा आणि संप्रेरकांचा आजार. त्यात पुष्कळ महिने स्त्रीबीज बाहेरच पडत नाही. बीज बाहेर पडले नाही तर शरीर स्वतःचे प्रोजेस्टेरॉन पुरेसे तयार करीत नाही, आणि एकट्या इस्ट्रोजेन या दुसऱ्या संप्रेरकाच्या जोरावर ते अस्तर वाढत राहते. म्हणून पाळी तीन-तीन महिने आली नाही तर औषधाने ती आणावी लागते, कारण वर्षानुवर्षे हे असेच चालू राहिले तर गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा धोका वाढतो. हा धोका एकेका स्त्रीपुरता पाहिला तर लहानच असतो, पण इतर स्त्रियांच्या मानाने तो निश्चित अधिक असतो. एवढे सगळे खरे असूनही त्या संध्याकाळी आम्हां दोघींच्या पुडीत जे होते ते अखेर एका तारखेसाठी होते, आणि माझ्या या दुखण्याकडे आजवर प्रत्येकाने तारखेच्याच अंगाने पाहिले आहे: पाळी कधी, लग्न कधी, मूल कधी.

माझ्या मानेकडे मात्र कोणी आजार म्हणून पाहिले नाही.

मी सांगलीला शाळेत होते तेव्हाची गोष्ट. आठवी-नववीच्या सुमारास माझ्या मानेच्या मागच्या बाजूला एक काळपट पट्टा उमटू लागला. बोट फिरवले तर तिथली कातडी मऊ, जाडसर, मखमलीसारखी लागे, आणि वळीच्या आत ती अधिकच काळी दिसे. शाळेच्या पांढऱ्या कॉलरवर तो पट्टा उठून दिसायचा. मागच्या बाकावरच्या मुलींना तो माझ्या चेहऱ्यापेक्षा जास्त परिचयाचा असणार. आईला वाटले, मी नीट अंघोळ करीत नाही. दर रविवारी न्हाणीघरात ती मला पाटावर बसवायची, डाळीच्या पिठात लिंबू पिळून ते मानेला थापायची आणि वाळले की वज्रीने घासायची. मान लाल व्हायची, आग व्हायची, लिंबू झोंबायचे आणि मंगळवारपर्यंत पट्टा होता तसाच काळा. आईच्या हातात राग नव्हता, काळजीच होती. "सासरी गेल्यावर लोक पहिल्यांदा मान बघतात," असे ती म्हणायची, आणि तिच्या अनुभवाला धरून ते बहुधा खरेही असावे. तो मळ नव्हता. रक्तात इन्सुलिन गरजेपेक्षा फार वाढले की ते त्वचेच्या पेशींनाही वाढण्याचा इशारा देते आणि मान, काखा, जांघा अशा वळ्यांच्या जागी कातडी जाड होऊन काळवंडते. वैद्यकात त्याला अकँथोसिस निग्रिकन्स म्हणतात. मधुमेहाकडे नेणारी वाट माझ्या शरीराने इतक्या ठळकपणे बाहेर दाखवली होती की ती दाखवायला कोणत्याही यंत्राची गरज नव्हती, आणि आम्ही दोघी मायलेकी ती दर रविवारी वज्रीने पुसायला बसत होतो.

बारावीच्या वर्षी पाळी चार महिने आली नाही तेव्हा मात्र धावपळ झाली. सोनोग्राफीसाठी पोटात मावेल तेवढे पाणी पिऊन बाकावर बसायचे असते, आणि नंबर येईपर्यंत पाय आवळून भिंतीवरच्या गुटगुटीत बाळांच्या चित्रांकडे पाहायचे असते. त्या खोलीत दुसरे पाहण्यासारखे काही नव्हतेच. रिपोर्टवर दोन्ही अंडाशये मोठी असल्याचे आणि त्यांच्या कडेकडेने बारीक फॉलिकल्स, म्हणजे बीजकोश, दिसत असल्याचे लिहिले होते. डॉक्टरीणबाईंनी तो आईला समजावला, मला नव्हे. "घाबरू नका. लग्न झालं की सगळं सुरळीत होतं," असे म्हणून त्यांनी एकवीस गर्भनिरोधक गोळ्यांचे पाकीट लिहून दिले. घरी आल्यावर आईने मावशीला फोनवर हलक्या आवाजात सांगितले की मुलीच्या पिशवीला गाठी आहेत. पुढे बरीच वर्षे मी स्वतःच्या ओटीपोटात त्या गाठी चाचपून पाहिल्या आहेत. त्या गाठी नसतातच. दर महिन्याला काही बीजकोश वाढीला लागतात, त्यांतला एक पुढे निघून पिकतो आणि फुटतो, बाकीचे जिरतात. इथे ते सगळेच दोन ते नऊ मिलिमीटरच्या दरम्यान कुठेतरी अडून बसतात. सोनोग्राफीच्या पडद्यावर जे दिसते ती अशी थबकलेली रांग असते. ती काढून टाकायची नसते, आणि एकट्या तिच्यावरून निदानही करायचे नसते. २००३ साली रॉटरडॅमला तज्ज्ञांनी ठरवलेली आणि आजही चालणारी कसोटी सांगते की अनियमित पाळी, अँड्रोजेन या पुरुषी संप्रेरकांचा अतिरेक आणि अंडाशयाचे हे रूप या तिन्हींपैकी दोन गोष्टी असाव्या लागतात, आणि त्याआधी थायरॉईड, प्रोलॅक्टिन असली दुसरी कारणे तपासून बाजूला सारावी लागतात. म्हणजे सोनोग्राफीत अंडाशय अगदी नेटके दिसत असूनही एखादीला हा आजार असू शकतो.

या आजाराचा इतिहास मी पुढे वाचला तेव्हा त्यातली एक गोष्ट माझ्या मनात रुतून बसली. १९२१ साली पॅरिसमध्ये आशार आणि तिएर या दोन डॉक्टरांनी दाढी-मिशा आलेल्या स्त्रियांच्या मधुमेहाविषयी लिहिले. साखर आणि चेहऱ्यावरचे केस यांची सांगड शंभर वर्षांपूर्वी कोणाच्या तरी डोळ्यांना दिसली होती. त्यानंतर १९३५ साली शिकागोत स्टाइन आणि लेव्हेंथल यांनी सात स्त्रियांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांना पाळी येत नव्हती, अंडाशये सुजल्यासारखी मोठी झाली होती. या डॉक्टरांनी अंडाशयांचा पाचरीच्या आकाराचा भाग कापून काढला, पाळी पुन्हा सुरू झाली आणि दोघींना दिवसही गेले. हा शोध मोठा होता, त्याबद्दल मला शंका नाही. पण त्यानंतर कितीतरी दशके वैद्यकाची नजर अंडाशयावर खिळली, कारण तिथे मूल होते. रक्तातले इन्सुलिन आणि ही पुरुषी संप्रेरके बरोबरीने वाढलेली असतात, हे मोजून दाखवले गेले ते १९८० च्या सुमारास. पॅरिसच्या त्या दाढीवाल्या मधुमेही बायका मधली साठ वर्षे जणू कोणाच्या खिजगणतीत नव्हत्या. त्यांना मूल व्हायचे नव्हते, हे त्याचे एक कारण असावे, असे मला आपले वाटते.

आतले यंत्र समजायला मला वेळ लागला आणि ते समजले आमच्या आजोबांमुळे. त्यांना ऐकू कमी यायचे, म्हणून आजी त्यांना हाक मारताना आवाज चढवायची. आजोबांपर्यंत ती हाक कशीबशी पोचायची, पण ज्यांचे कान शाबूत होते त्या शेजाऱ्यांच्या डोक्यात ती घण घातल्यासारखी वाजायची. पीसीओएस असलेल्या बहुतेक स्त्रियांच्या शरीरात हेच चालते. स्नायू आणि यकृत इन्सुलिनला नीट दाद देत नाहीत, म्हणून स्वादुपिंड ते अधिकाधिक सोडत राहते. साखर त्यामुळे काही वर्षे तरी ताब्यात राहते आणि रिपोर्ट 'नॉर्मल' येतो. पण अंडाशयाचे कान शाबूत असतात. वाढलेले इन्सुलिन आणि मेंदूतल्या ग्रंथीकडून वाजवीपेक्षा जास्त येणारे एलएच हे संप्रेरक मिळून अंडाशयाला अँड्रोजेन तयार करायला लावतात. त्यात भर म्हणजे, रक्तातले टेस्टोस्टेरॉन बांधून ठेवणारे एक प्रथिन यकृत बनवत असते, त्याचे प्रमाण इन्सुलिनमुळे घटते आणि मोकळे टेस्टोस्टेरॉन वाढते. मग हनुवटीवर केस येतात, डोक्यावरचे विरळ होतात, मुरुमे तिशीतही जात नाहीत, बीजकोश वाढता वाढता थांबतात आणि पाळी लांबते. माझ्या मानेवरचा पट्टा आणि कॅलेंडरवरचे रिकामे महिने यांचे मूळ पुष्कळसे एकच होते. मानेसाठी मला वज्री मिळाली आणि कॅलेंडरसाठी एकवीस गोळ्या.

"तुला कसला पीसीओडी? तू तर काडी!" हे वाक्य मी कॉलेजात, कचेरीत, लग्नाच्या पंगतीत आणि एकदा चक्क दवाखान्यातल्या बाकावर ऐकले आहे. हा जाड मुलींचा आजार आहे अशी एक समजूत घट्ट बसलेली आहे, आणि तिचा जाच दोघींनाही होतो. जाड मुलीला प्रत्येक दुखण्यावर 'आधी वजन कमी कर' एवढेच औषध मिळते, आणि बारीक मुलीवर कोणी विश्वास ठेवत नाही. माझे हातपाय काटकुळे आहेत आणि पोट मात्र कुर्त्याला पुढे ढकलणारे आहे. त्याचा अर्थ मला पुण्यातल्याच एका संशोधनाने सांगितला. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे प्राध्यापक जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी काढलेला एक फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, तंतोतंत सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. पुण्याजवळच्या खेड्यांत १९९३ पासून चाललेल्या त्यांच्या अभ्यासात हाच फरक तान्ह्या बाळांतही आढळला होता: आपल्याकडची बाळे इंग्लंडच्या बाळांपेक्षा वजनाने बरीच हलकी, पण स्नायू कमी आणि चरबी त्या मानाने टिकून. काट्यावर बारीक आणि आतून स्थूल असलेल्या माणसांच्या देशात बीएमआय पाहून एखादीला निश्चिंत करणे धाडसाचेच म्हणायचे. म्हणूनच आपल्याकडे २३ च्या वरचा बीएमआय जास्त धरतात आणि स्त्रियांच्या कमरेच्या घेरासाठी ८० सेंटिमीटरची मर्यादा सांगतात. शिंपी सोडला तर माझी कंबर आजवर कोणत्याही डॉक्टरने मोजलेली नाही.

केसांविषयी लिहिताना अजूनही हात जरा अडतो. शरीरावरचे केस मोजण्याचा एक तक्ता असतो, फेरिमन आणि गॉलवे यांच्या नावाचा. ओठाच्या वरची जागा, हनुवटी, छाती, पोट, पाठ, दंड, मांड्या अशा नऊ जागा आणि प्रत्येकीला शून्य ते चार गुण. चार ते सहाच्या पुढे बेरीज गेली, की केस जास्त आहेत असे समजतात. कुठल्या वंशाची स्त्री आहे त्यावर तो आकडा थोडा हलतो. तक्ता शास्त्रशुद्ध आहे, पण दवाखान्यात जाणारी कोणती मराठी बाई आदल्या दिवशी पार्लरला गेलेली नसते? माझ्या पार्लरमधली मुलगी दोरा दातांत धरून कामाला लागण्याआधी हनुवटीला अंगठा लावून चेहरा उजेडाकडे वळवते आणि फक्त "वाढलेत" म्हणते. अँड्रोजेनचा याहून प्रामाणिक रिपोर्ट मला कुठे मिळालेला नाही. गर्भनिरोधक गोळ्यांनी या केसांवर फरक पडतो, पण त्याला सहा महिने तरी द्यावे लागतात, हे पाकीट लिहून देताना कोणी सांगत नाही आणि मुली दुसऱ्याच महिन्यात निराश होऊन गोळ्या सोडतात. लेझरने केस पुष्कळ कमी होतात. मूळ कारण तसेच असल्यामुळे ते थोडेफार परततात आणि पुन्हा जावे लागते. आरशासमोर चिमटा घेऊन उभे राहण्यात गेलेल्या सकाळी मला खरोखरच खुपतात. केसांना लोक वरवरची गोष्ट म्हणतात. पण या आजारात नैराश्य आणि चिंता अधिक आढळतात आणि त्यांचीही विचारपूस व्हायला हवी, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट लिहिले आहे, तेव्हा ही गोष्ट पुरेशी आतली आहे.

लग्न झाले आणि काहीही सुरळीत झाले नाही. मग मुलासाठी उपचार सुरू झाले, आणि त्या काळात मात्र माझ्या अंडाशयाची जी बडदास्त ठेवली गेली तशी आयुष्यात कधी ठेवली गेली नव्हती. एक दिवसाआड सोनोग्राफी, बीज किती मिलिमीटरचे झाले याचा संध्याकाळी घरात आढावा, सासूबाईंचे नवस, नवऱ्याची रजा. बीज पिकावे म्हणून मला क्लोमिफीन दिले जात होते. आज या कामी पहिली पसंती लेट्रोझोलला असते. २०१४ साली अमेरिकेत साडेसातशे स्त्रियांवर झालेल्या चाचणीत लेट्रोझोलने २७.५ टक्के स्त्रियांना मूल झाले आणि क्लोमिफीनने १९.१ टक्के. पण माझ्या वेळी ते आपल्या देशात वंध्यत्वासाठी वापरताच येत नव्हते. २०११ साली सरकारने त्याच्यावर बंदी घातली आणि ती उठली २०१७ मध्ये. माझ्याबरोबर त्या बाकावर बसणाऱ्यांपैकी काही जणींची नेमकी तीच वर्षे होती. मला मुलगा झाला, यात औषधाचा वाटा किती आणि नशिबाचा किती हे मी ठरवत बसत नाही. गरोदरपणात साखर वाढली होती. पीसीओएसमध्ये ती शक्यता जास्तच असते. तेव्हा पथ्य, बोटाला सुई, वहीत आकडे असे सगळे चोख झाले, कारण ती साखर बाळाला बाधणार होती. बाळंतपण झाले आणि तिसऱ्या आठवड्यात माहेरून डिंकाच्या लाडवांचा डबा आला. मी रोज दोन लाडू खाल्ले, त्यांची चव अजून आठवते, आणि सहा ते बारा आठवड्यांनी आईची साखर पुन्हा तपासायची असते ही सूचना माझ्या डिस्चार्जच्या कागदावर नव्हती.

"झालं ना आता बाळ, मग अजून कसल्या गोळ्या?" सासूबाईंचा हा प्रश्न मुलगा दुसरीत गेला तेव्हाचा. त्यांचे मन मोठे आहे आणि प्रश्न रास्त होता. त्यांच्या लेखी आजार मुलासाठी होता आणि मूल तर अंगणात खेळत होते.

मधे एकदा मी आपणहून ग्लुकोजची पूर्ण चाचणी करून घेतली. उपाशीपोटी रक्त द्यायचे, ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात विरघळवून पाच मिनिटांत प्यायचे आणि दोन तासांनी पुन्हा रक्त द्यायचे. ते पेय घशाखाली उतरताना दात आंबल्यासारखे होतात, लिंबू पिळले तरी. लॅबमधल्या मुलीने पेला हातात देताना माझ्याकडे न पाहताच विचारले, "कितवा महिना?" मी चाळिशी ओलांडलेली बाई, मला हसू आले आणि थोडे वाईटही वाटले. ही चाचणी गरोदर बायकांचीच असते, असे तिला वाटावे यात तिचा दोष नाही, तिच्याकडे तसल्याच बायका येत असणार. पीसीओएसचे निदान झाले की लगेच आणि पुढे धोका पाहून दर एक ते तीन वर्षांनी, वय आणि वजन काहीही असो, साखर तपासावी असे २०२३ ची आंतरराष्ट्रीय तत्त्वे सांगतात, आणि त्यासाठी ही दोन तासांची चाचणीच सर्वांत खात्रीची मानतात. नुसती उपाशीपोटीची साखर पुष्कळदा फसवते. माझी उपाशीपोटीची साखर सरळ होती आणि दोन तासांनंतरची १४० ते २०० च्या मधल्या त्या पट्ट्यात होती, ज्याला अजून मधुमेह म्हणत नाहीत.

तेव्हापासून मी काय करते, असे ओळखीच्या बायका विचारतात आणि माझे उत्तर ऐकून त्यांची निराशा होते, कारण त्यात दालचिनीचे पाणी नसते. मेथीदाणे, शतावरी, 'हार्मोन बॅलन्स' लिहिलेली महागडी भुकटी हे सगळे माझ्या स्वयंपाकघराच्या वरच्या फळीवरून येऊन गेले आहे. इनॉसिटॉलच्या पुड्यांचा एवढा बोलबाला आहे, पण त्यांच्या बाजूचा पुरावा अजून तोकडा आहे. घेणाऱ्यांनी जरूर घ्यावे, पण त्यासाठी मेटफॉर्मिन ही मधुमेहातही दिली जाणारी गोळी सोडू नये, असे माझे मत. मेटफॉर्मिनने पहिले काही आठवडे माझे पोट इतके बिघडले की रिक्षात बसायची भीती वाटे. जेवणाबरोबर, थोड्या मात्रेपासून वाढवत नेल्यावर ते सोसू लागले. ते वर्षानुवर्षे घेतले तर बी-१२ कमी होऊ शकते, आणि आमच्या शाकाहारी घरात ते आधीच काठावर असते, म्हणून तेही तपासते. अमुक एक आहार पीसीओएसला सर्वांत चांगला, असे सिद्ध झालेले नाही, हे वाचून मला हायसे वाटले, कारण मला भाकरी आणि पिठले सोडायचे नव्हते. संकष्टीच्या साबुदाण्याच्या खिचडीला मात्र मी कायमचा रामराम ठोकला. तो उपास नसून साखरेचे पारणे होते. ताटात उसळ आणि ताक वाढले, भात घटला. आणि व्यायामात चालण्याबरोबर वजने उचलणे आले, आठवड्यातून दोनदा, कारण रक्तातली साखर सगळ्यांत जास्त खपते ती स्नायूंत, आणि तेच माझ्याकडे जन्मापासून कमी. जिममधला मुलगा मला 'काकू' म्हणतो आणि डंबेल हातात देतो. यातल्या कशानेही आजार बरा होत नाही. पाळी बंद झाल्यावर ती आणायच्या गोळ्या सुटतील, साखरेची आणि हनुवटीची काळजी राहील.

या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत ताईकडे गेले तेव्हा तिने कपाटातून एक फाइल काढून माझ्यासमोर ठेवली. भाची दहावीत आहे, पाळी सुरू होऊन तीन वर्षे झालेली. दीड-दोन महिन्यांनी येते म्हणून सोनोग्राफी केली आणि रिपोर्टवर तेच शब्द, जे माझ्या बारावीतल्या रिपोर्टवर होते. पाळी सुरू झाल्यावर पहिली आठ वर्षे निदानासाठी सोनोग्राफी करूच नये, कारण त्या वयात पुष्कळ निरोगी मुलींची अंडाशये तशीच दिसतात, हे मी ताईला सांगितले. या वयात अनियमित पाळी आणि अँड्रोजेनचा अतिरेक या दोन्ही गोष्टी असतील तरच ते नाव द्यायचे. एकच असेल तर नाव न देता लक्ष ठेवायचे आणि पुढे पुन्हा पाहायचे. ताईने सगळे ऐकून घेतले आणि मग तिला जे विचारायचे होते ते विचारले, "पण पुढे स्थळं बघताना हे सांगावं लागेल का गं?" पोर आत भूमितीची प्रमेये घोकत होती. मी म्हटले, "सांग की. पण त्याआधी तिची साखर बघ." "साखर? पंधराव्या वर्षी?" ताई हसली आणि हसता हसता थांबली. बाबांची साखर, आत्याची साखर, मोठ्या काकांचा पाय. आमच्या घराण्याची ही सनद तिला माझ्याइतकीच पाठ आहे. तिने भाचीला हाक मारून उजेडात उभे केले, वेणी पुढे घेतली आणि तिची मान निरखून पाहिली. मान स्वच्छ होती. तरी तिने लॅबचे नाव लिहून घेतले, उपाशीपोटी यायचे का ते विचारले, परीक्षेआधी की नंतर याचा हिशेब केला.

मी निघाले तेव्हा ती जिन्यापर्यंत सोडायला आली. एक पायरी उतरल्यावर मागून म्हणाली, "सगळं करू गं. पण एवढंच सांग, आत्तापासून गोळ्या लागल्या तर तिला पुढे मूल व्हायला काही..." मी वर आले आणि चपला काढून पुन्हा आत जाऊन बसले.